जेवणाच्या सुट्टीएवढं गाव

वेंडेल स्टकीला आमच्या हॅलस्टनमध्ये कोणी कधी काही विचारलं नाही. बसचा ड्रायव्हर, त्याला काय विचारायचं! पण अमेरिकेतल्या आमच्यासारख्या मध्यम आकाराच्या शहरांची डाउनटाउनं, म्हणजे गावामधल्या बाजारपेठा, त्याच्याइतकी पायी कोणी तुडवली असतील, असं मला तरी वाटत नाही. एकोणीस वर्षं, एकोणीस शहरं.

त्याचं असं होतं. दर ऑक्टोबरात आमचं व्यापारी मंडळ वेंडेलच्या कंपनीची बस ठरवायचं. महापौर, दोन बँकवाले, एक बिल्डर, कॉलेजचे कोणी, वर्तमानपत्राचा एक जण अशी चाळीस माणसं गळ्यात नावाची पट्टी अडकवून निघायची आणि आपल्याएवढ्याच, पण आपल्यापेक्षा बरं चाललेल्या एखाद्या शहरात तीन दिवस राहून यायची. मेलेलं डाउनटाउन जिवंत कसं करायचं, ते शिकायला. यजमान शहर हौसेनं सगळं दाखवायचं. नदीकाठचा फिरण्याचा रस्ता, जुन्या गोदामातली बिअर बनवायची जागा, बंद गिरणीत काढलेली उंच छताची घरं. आमची मंडळी माना डोलवायची, फोटो काढायची, आणि परत आली की त्या वर्षीचं खूळ गावाच्या माथी मारायची. एका वर्षी विटांचे फुटपाथ आले. एका वर्षी लाकडी बाकांची ट्रॉली आली. तिच्यात बसून जायचं कुठे, ते कोणी ठरवलंच नव्हतं. एका वर्षी माणसाएवढी, रंगवलेली प्लॅस्टिकची बदकं चौकाचौकांत उभी केली. त्यातलं एक अजून फोर्थ स्ट्रीटवर आहे, चोच मोडलेलं.

खरं तर आमचं गाव कशानं मेलं हे कळायला बसची गरज नव्हती. गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही, असं सगळे म्हणाले. म्हणून दुकानं पाडून गाड्यांना जागा केली. आता जागाच जागा आहे, आणि येऊन करायचं काय ते कोणाला ठाऊक नाही. हा शहाणपणा आमच्या एकट्याचा नव्हे. ओहायोपासून आयोवापर्यंत कुठल्याही गावात उतरा आणि विचारा.

वेंडेलचा मात्र या शहाणपणात स्वतःचा हात होता. १९७१ साली, बावीस वर्षांचा असताना, तो पाडकामाच्या कंत्राटदाराकडे डंपर चालवायचा. फोर्थ आणि मलबेरीच्या नाक्यावरची अख्खी रांग त्यानं नदीपलीकडच्या खड्ड्यात नेऊन ओतली. हॉटेल, टोप्यांचं दुकान, शेंगदाणे भाजणारा, गुस्टाव राउशचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, सगळं. त्या घड्याळांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, राउशची मुलगी आर्डिथ लहानाची मोठी झाली होती. ती रोज दुपारी समोरच्या फुटपाथवर उभी राहून आपलं घर पडताना बघायची. चौथ्या दिवशी वेंडेल डंपरमधून उतरला आणि त्यानं तिला आपल्या थर्मासमधली कॉफी दिली. पुढच्या वसंतात त्यांचं लग्न झालं.

"आमचं घर ज्यानं पाडलं, तो हा," अशी आर्डिथ चर्चमध्ये नव्या माणसांना नवऱ्याची ओळख करून द्यायची. लोक हसायचे, वेंडेलही हसायचा. तिच्या मनात खरंच काही नव्हतं. त्याच्या मनातून मात्र ते कधी गेलं नाही. त्या जागी काचेच्या छताचा बाजार होणार, असं नगरपालिकेनं तेव्हा रंगीत चित्रासकट छापलं होतं, आणि कॉफी पिता पिता त्यानंच तिला ते चित्र दाखवलं होतं. बाजार झाला नाही. पार्किंग झालं, ते आजही आहे. गुस्टाव राउश पुढे तीन वर्षं लेकीच्या घरी, गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर घड्याळं उघडून बसायचा. तिथून चालत जाण्यासारखं काही नव्हतं. एक दिवस तो बसल्या बसल्याच गेला.

१९९९ साली वेंडेल पहिल्या सहलीला निघाला, तेव्हा आर्डिथनं त्याच्या हातात टाच निघालेला एक तपकिरी बूट ठेवला.

"हे काय गं?"

"साहेबलोक व्याख्यानं ऐकणार. तू काय करणार, बसमध्ये घोरत पडणार? हा बूट घे. जेवणाची सुट्टी तासाभराची ना तुला? तेवढ्यात पायी जाऊन हा दुरुस्त करून आण आणि एक वाटी सूप पिऊन ये. जमलं तर ते डाउनटाउन. नाही जमलं तर नुसता देखावा."

"सूप कशाला?"

"मग टाच ठोकेपर्यंत त्या माणसाच्या डोक्यावर उभा राहणार आहेस का?"

तेव्हापासून ती त्यांची परीक्षाच झाली. दर ऑक्टोबरात एक मोडकी वस्तू जायची. परत आल्यावर स्वयंपाकघरात मॅश केलेल्या बटाट्यांवर चिकन-नूडल्स वाढत आर्डिथ सगळं खोदून खोदून विचारायची आणि शाळामास्तरणीसारखी श्रेणी द्यायची. टेनेसीतल्या नदीकाठच्या शहरात बूट दुरुस्त करणारा एक म्हातारा सापडला, त्याच्या शेजारीच सूपही. त्या शहराला बी मिळाली, वर अधिकचं चिन्ह. कॅरोलायनातल्या एका शहरात मेन स्ट्रीटवर झाडांची अशी गार सावली होती की वेंडेलला तिथून हलावंसं वाटेना. पण छत्रीची काडी बसवणारं कोणी नव्हतं. शेवटी वाइनच्या दुकानातल्या बाईनं आपल्या हातानं तार गुंडाळून दिली.

"बी," आर्डिथ म्हणाली. "त्या बाईला. झाडांना नाही."

आयोवातल्या शहरात लोक रस्त्यानं चालतच नव्हते. थंडी म्हणून इमारतींना वरच्या वर जोडणारे काचेचे पूल, आणि सगळं गाव त्या पुलांतून दुसऱ्या मजल्यावरून ये-जा करायचं. झिप बसवून मिळाली, मक्याचं सूपही चांगलं होतं, पण सगळं वर. खाली रस्त्यावर वेंडेल आणि एक कबूतर, दोघंच. हे ऐकून आर्डिथनं हातातला चमचा खाली ठेवला.

"सी," ती म्हणाली. "वर पाऊस लागत नाही, कोणी हाक मारत नाही, मग बाहेर पडायचं कशाला? घरीच बसावं की."

इतक्या वर्षांत वेंडेलला एक कळून चुकलं होतं. चांगलं डाउनटाउन म्हणजे जेवणाच्या सुट्टीत दोन कामं उरकतात आणि वाटेत कोणीतरी अडवून तिसरंच काही बोलत बसतं, एवढंच. एकदा त्यानं हे मंडळाच्या चिटणीस मार्सी डोम्ब्रोव्स्कीला सांगायचा प्रयत्न केला होता. त्या वर्षी एक गिरणी बघून सगळे भारावून बसमध्ये चढत होते.

"मार्सीबाई, यांच्याकडे किल्ली करून मिळत नाही."

"काय?"

"किल्ली. सगळं डाउनटाउन हिंडलो."

"वेंडेल, यांनी दोन वर्षांत चारशे घरं काढलीत इथे!"

"मग एक ना एक दिवस चारशे लोक दाराबाहेर उभे राहणार."

मार्सी मनापासून हसली, पण हातातल्या वहीत तिनं काही लिहिलं नाही.

ए मात्र कोणालाच मिळाली नाही. "एखाद्याला तरी दे," वेंडेल म्हणायचा. "ए एकालाच होती, आणि ते तू नदीपलीकडे नेऊन टाकलंस," असं म्हणून ती हसत हसत त्याच्या ताटात आणखी नूडल्स घालायची. तो मान खाली घालून खायचा. ते सगळं जसंच्या तसं परत आणून देता आलं असतं, तर त्यानं एकेक वीट पाठीवरून आणली असती. एकोणीस शहरं तो तेच शोधत हिंडला, आणि ते कुठे असणार नाही हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

एकोणिसाव्या सहलीला निघताना आर्डिथनं त्याच्या हातात सूपचा चमचा दिला.

"याची टाच निघालीये," ती म्हणाली.

तिला गंमत करायची असेल म्हणून वेंडेल हसला. ती हसली नाही. पेनसिल्व्हेनियातल्या त्या शहरात दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारणीचा फोन आला. आर्डिथ घरातल्या सपाता घालून, पर्स घेऊन, हायवेच्या कडेला उभी होती. चार नंबरच्या बसची वाट बघत होती. पपांच्या दुकानात जायचंय म्हणाली. एका ट्रकवाल्यानं तिला घरी आणून सोडलं. चार नंबरची बस बंद होऊन तेव्हा तीस वर्षं उलटली होती.

वेंडेलनं नोकरी सोडली. त्या हिवाळ्यात रोज सकाळी आर्डिथ कोट चढवून दाराशी यायची. पपा वाट बघत असतील, डाउनटाउनला जायचंय. "आज रविवार, बंद असतं," असं वेंडेल सांगायचा. आठवड्यातून सात रविवार. एक दिवस न राहवून त्यानं तिला खरंच फोर्थ आणि मलबेरीच्या नाक्यावर नेलं. तिनं पार्किंगच्या पांढऱ्या रेघा बघितल्या, चोचमोडकं बदक बघितलं, आणि ती घाबरून त्याच्या दंडाला धरून म्हणाली, "चुकीच्या गावात आणलंस रे मला. परत फिरव." त्यानं गाडी घराकडे वळवली.

मार्चमध्ये ती दोनदा हायवेवर गेली. दुसऱ्यांदा एका गाडीनं कचकन ब्रेक मारला म्हणून निभावलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता एकट्यानं हे होणार नाही. एक तर कोलंबसच्या पलीकडचं, अशा माणसांना ठेवून घेणारं कुलूपबंद घर, इथून दोन तासांवर. तिथे आठवड्यातून एकदा भेटता येईल. नाही तर मेपल स्क्वेअर. तिथे दिवसभर ठेवायचं, संध्याकाळी घरी आणायचं. पण मेपल स्क्वेअरच्या दाराला कुलूप नाही. एक दिवस बसवून बघतात. माणूस रमला तर जागा मिळते, दाराकडे पळू लागला तर नाही.

हे मेपल स्क्वेअर कुठे आहे म्हणाल, तर हायवेवरच्या मॉलमध्ये. फोर्थ स्ट्रीटवर जी काही चार दुकानं उरली होती, त्यांना ज्यानं खाल्लं तोच मॉल. पुढे तो स्वतःही ओस पडला. त्यातल्या एका मोठ्या रिकाम्या गाळ्यात कोणीतरी विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी पन्नास सालचं डाउनटाउन उभं केलं होतं. न्हावी, पोस्ट, टोप्यांचं दुकान, सूपचा कट्टा. दिव्याचे खांब होते, आणि वर निळं रंगवलेलं छत, त्यावर ढग.

मंगळवारी सकाळी दोघं तिथे गेली. वेंडेलनं आत पाऊल टाकलं आणि तो तिथेच थांबला. दुकानं हातभर खोल. रस्ता म्हणजे गालिचा. जिनं आयोवातल्या काचेच्या पुलांच्या गावाला बी दिली नाही, ती याला एका मिनिटात ओळखणार, असं त्याला वाटलं. आर्डिथ दाराशी कोटाची बटणं चाचपत उभी राहिली. तेवढ्यात तिथलं सगळं बघणाऱ्या रोझेला टिब्स पुढे आल्या. साठीतल्या, काळ्या, धिप्पाड बाई, कमरेला एप्रन.

"हसू येतंय ना तुम्हाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"हसू नाही. मी एकोणीस शहरं बघितलीत, बाई. हा पुठ्ठा आहे."

"आहेच मुळी. खऱ्या फोर्थ स्ट्रीटवर माझ्या आईला, काळी म्हणून, टोपी डोक्यावर घालून बघू देत नसत. घ्यायची तर तशीच घ्या म्हणायचे. तरी ती दर शनिवारी नटूनथटून जायची. आमची, काळ्यांची पाइन स्ट्रीट तर तुमच्या फोर्थ स्ट्रीटच्या आधी पाडली, हायवे बांधायला. शेवटची दोन वर्षं आई इथेच यायची, आणि त्या आरशासमोर दिवसभर टोप्या घालून बघायची. या पुठ्ठ्याच्या गावात तिला कोणी नाही म्हटलं नाही."

पाइन स्ट्रीट मी नाही पाडली, असं वेंडेलच्या तोंडाशी आलं होतं. त्यानं ते गिळलं.

आर्डिथ पुढे गेली. न्हाव्याच्या भिंतीवर तिनं तळहात ठेवला.

"वीट नाही ही," ती म्हणाली.

संपलं, वेंडेलला वाटलं. त्यानं गाडीची किल्ली मुठीत धरली. कोलंबसचा रस्ता त्याच्या डोळ्यांपुढे आला. पण आर्डिथ वळली ती दाराकडे नव्हे. तिनं त्याच्या अंगातल्या बस कंपनीच्या जुन्या जाकिटाकडे पाहिलं आणि ओळख नसलेल्या माणसाला बायका दाखवतात तसं आदबशीर हसू तिच्या तोंडावर आलं.

"तुम्ही बसवाले ना? बाहेरगावचे दिसताय."

जवळजवळ पन्नास वर्षांत तिनं त्याला असं परकं कधी केलं नव्हतं. रोझेला टिब्सनी त्याच्याकडे पाहून बारीकशी मान हलवली.

"हो बाई," वेंडेल म्हणाला. "लांबून आलोय."

"मग चला, दाखवते. नुसतं बसमध्ये बसून राहू नका. आमचं गाव बघण्यासारखं आहे."

आणि तिनं त्याला गाव दाखवलं. एकोणीस शहरांत यजमानांनी साहेबांना मिरवून आणलं आणि वेंडेलला बसपाशी ठेवलं. त्याला हाताला धरून गाव दाखवणारी ही पहिलीच. "हे हॉटेल. इथे जेवू नका, कोंबडी वातड असते. ही लुडविगबाईंची टोप्यांची खिडकी. त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे गेलात तर त्यांना राग येतो. हा शेंगदाणेवाला. वास येतोय ना?"

वास फरशी पुसायच्या औषधाचा होता. "येतोय," वेंडेल म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. त्या दुकानाच्या विटांना डंपरमध्येसुद्धा भाजक्या शेंगदाण्यांचा वास येत होता, हे त्याला आत्ता आठवलं.

"आणि हे आमचं दुकान. पपा बँकेत गेलेत, येतीलच. वर ती तिसऱ्या मजल्यावरची खिडकी, ती माझी. तिथून सगळं दिसतं. कोण कुठे चाललंय, कोणाचं कोणाशी जमलंय. मला घरात करमतच नाही हो, सगळा जीव खाली."

तिनं बोट दाखवलं तिथे रंगवलेला ढग होता. वेंडेल बराच वेळ मान वर करून बघत राहिला. डोळे भरून आले होते, आणि मान वर असल्यामुळे ते बरं पडलं.

"बाई," तो म्हणाला, "हे सगळं कोणी पाडलं तर?"

"पाडेल कोण? माणसं राहतात इथे."

"एखादा पोरगा. त्याला सांगितलं म्हणून."

आर्डिथनं त्यावर खरोखर विचार केला. "मग त्या बिचाऱ्याला झोप कशी लागायची हो?" ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी कळकळ आली.

कट्ट्यावर घंटा वाजली. सूपची वेळ झाली होती. आर्डिथनं मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"बारा वाजले. चला, तुमची बस सुटेल."

ती त्याला दारापर्यंत घेऊन गेली. तिच्यामागून रोझेला टिब्स श्वास रोखून चालत होत्या. आर्डिथनं दार स्वतःच्या हातानं उघडलं. बाहेर मॉलच्या पार्किंगवर लख्ख ऊन पडलं होतं, पलीकडे हायवे धावत होता. तिनं त्या हायवेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दार एका हातानं धरून ती आतच उभी राहिली, आणि वेंडेल तिच्या बाजूनं बाहेर पडला. मागे रोझेला टिब्सनी सुस्कारा सोडला आणि त्याच्याकडे पाहून मान डोलावली. जागा मिळाली होती.

"परत या हं," आर्डिथ म्हणाली. "आणि पुढच्या वेळी बायकोला घेऊन या. तिला आवडेल इथे."

"आणतो," वेंडेल म्हणाला.